उतरत्या आकड्यांची दुपार

दुपारी दीडच्या सुमाराला खालची गिरणी बंद व्हायची. पट्टा थांबला की आमच्या जमिनीतली थरथर जायची, पंख्याचा आवाज त्या दिवसात पहिल्यांदा ऐकू यायचा आणि हवेत तरंगणारं पीठ सावकाश खाली बसायला लागायचं. खिडकीतून उन्हाचा एक लांब कवडसा माझ्या टेबलापर्यंत येई आणि त्यात ते पीठ उतरताना दिसे. आज खाली गहू दळले की ज्वारी की कुणाची भाजणी, ते नाकाला कळायचं. भांडुपच्या त्या पहिल्या मजल्यावर मी आयुष्यातली अर्धीअधिक वर्षं मुलांना टायपिंग शिकवलं. व्यवसायातले अनुभव लिहा, असा एका मासिकाचा निरोप आला तेव्हा मला आधी तो कवडसा आठवला आणि मग माणसं आठवली. तेव्हा लेख जरा पेंगुळलेला वाटला तर दोष त्या दुपारच्या बॅचचा.

टायपिंग शिकवण्यात शिकवण्यासारखं काय असतं, असं लोकांना वाटतं. आता तर सगळेच मोबाइलवर अंगठ्यांनी लिहितात. पण कचेरीत कारकुनाची नोकरी हवी असेल तर सरकारी परीक्षा द्यावी लागते आणि तिथं अंगठेबहाद्दरांचं काम नाही. कळफलकाच्या मधल्या ओळीवर आठ बोटं ठेवायची. ते त्यांचं घर. बोटानं घरातून निघायचं, आपलं अक्षर मारायचं आणि घरी परत यायचं. शेजाऱ्याच्या अक्षराला हात लावायचा नाही, मान खाली घालून बघायचं नाही. एवढं जमलं की पुढं फक्त वेळेशी झटापट उरते. समोर उतारा आणि त्याला ठरलेली मिनिटं. वेळ संपली की अर्धा शब्द अर्धाच राहतो.

हा क्लास मूळ माझ्या वडिलांचा. त्यांच्या काळी लोखंडी यंत्रं होती आणि वेळ खरोखरच त्यांच्या मुठीत असे, कारण मुठीत स्टॉपवॉच असे. ते भिंतीला टेकून उभे राहत, ‘करा सुरू’ म्हणत आणि शेवटी टेबलावरची पितळी घंटा वाजवत. मुलांना वेळ दिसत नसे, नुसती ऐकू येई. पुढं परीक्षा संगणकावर गेली आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ आलं. उरलेली मिनिटं, उरलेले सेकंद, एकेकानं कमी होणारे. क्लासात ज्यांची गती झकास त्यांची तिथं वाट लागायला लागली. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तेव्हा आपल्याकडेही तसलंच घड्याळ हवं, हे मला कळून चुकलं.

आमचे संगणक अंधेरीच्या एका कंपनीनं टाकून दिलेले होते. वयस्कर पण धडधाकट. नवीन काही त्यांच्यावर चढवायला जावं तर धापा टाकायचे. कुणीतरी सांगितलं, लिनक्स टाका, हलकं असतं आणि फुकट असतं. ‘फुकट’ हा शब्द आम्हा मालवणी माणसांच्या कानात जरा जास्त वेळ घुमतो. पन्नाशी ओलांडल्यावर मी लिनक्स शिकले, रोज थोडं, पोथी वाचावी तसं. संगणकाचा सगळा कारभार चालवणारी ती व्यवस्था. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि कुणीही उघडून बघावी अशी. त्यातलं सगळं मला कळलं असं मी म्हणत नाही. पण माझं मी काही करू शकते, हा माज मात्र मला जरूर आला.

माझं पहिलं उलटं घड्याळ चार ओळींचं होतं. काळ्या खिडकीत पांढरे आकडे. त्यात एक हुकूम असतो, ‘स्लीप’. म्हणजे संगणकाला सांगायचं, बाबा, एक सेकंद झोप. तो झोपतो, उठतो, आकड्यातून एक वजा करतो, पडद्यावर लिहितो आणि पुन्हा झोपतो. हे जमलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. आपण झोपतो ती एकसलग, हा मात्र सेकंदासेकंदाला डुलकी काढतो आणि तरी काम करतो. वर्गात कुणी नव्हतं. पीठ उतरत होतं, आकडे उतरत होते, आणि मला वाटलं, आपणही असंच कुठंतरी हळूहळू खाली खाली चाललोय आणि त्यात भिण्यासारखं काही नाही.

त्या घड्याळाची खोड सबनीसकाकांनी काढली. दिंडोशीच्या कोर्टातून निवृत्त झालेले लघुलेखक. माझ्या वडिलांचे विद्यार्थी. परीक्षा नाही, नोकरी नाही, तरी आठवड्यातून दोनदा गोरेगावहून बसनं भांडुपला येत आणि आपली गती अजून शाबूत आहे का ते बघून जात. एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघून म्हणाले, “राणेबाई, तुमचं यंत्र आळशी आहे. मागं पडतंय.”

“झोपेतून उठायला त्यालाही वेळ लागतो ना, काका.”

“मग त्याची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही.”

त्यांचं बरोबर होतं. दर डुलकीनंतर जाग यायला किंचित उशीर आणि तो उशीर साठत जायचा. मग उपाय सापडला. सेकंद मोजत बसायचंच नाही. शेवट कधी आहे ते आधी ठरवायचं आणि दर वेळी उठून फक्त एवढंच बघायचं की आत्तापासून तिथवर किती उरलंय. मग डुलकी लांबली तरी चुकत नाही. काकांना ते पटलं, पण लगेच दुसरी फर्माईश आली.

“मला सुलटं करून द्या हो. किती झालं ते दाखवा. किती उरलंय ते दाखवू नका. या वयात ते बघायला इथवर कशाला येऊ?”

दिलं करून. त्यांच्या संगणकावर आकडे शून्यापासून वर चढायचे.

याच्या अगदी उलट रेश्मा. भांडुप गावातल्या कोळ्यांची मुलगी, आई बाजारात मासे घेऊन बसायची. रेश्मा उताऱ्याचा पहिला भाग आरामात टायपायची, इकडं तिकडं बघत. शेवटचं मिनिट लागलं की मात्र बोटं अशी सुटायची की कळफलकाची कीव यावी. मी विचारलं, आधीपासून असं का नाही मारत? ती हसली. “बाई, दुपारपर्यंत गिऱ्हाईक भाव करतं. बर्फ संपायला आला ना, की खरी विक्री होते.” ती पहिल्या फटक्यात पास झाली. पेढ्यांऐवजी सुरमई आणून दिली आणि परत कधी दिसली नाही. आमच्या धंद्याचा नियमच तो. पास झालेला विद्यार्थी परत येत नाही. नापास झालेला येतो, म्हणून तो आला नाही की आनंद मानायचा. असा उलटा आनंद मानायची मला सवय झाली होती, पण दर वेळी थोडं लागायचंच.

घड्याळं मग वाढत गेली. एक छोटासा प्रोग्राम असतो, तो पडद्याच्या पार्श्वभूमीवरच आकडे काढतो, सगळ्या खिडक्यांच्या मागं, जमिनीवर रांगोळी असावी तसे. तो मी सगळीकडे बसवला. गर्द हिरव्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात मोठे पांढरे आकडे, आणि शून्य आलं की खाली ओळ: वेळ संपली. मला स्वतःला ते दृश्य फार आवडायचं. त्या हिरव्या पडद्यांच्या रांगेसमोर वनिता खिल्लारे येऊन बसली, तेव्हा ते मला पहिल्यांदा नावडतं झालं.

वनिता दुपारच्या बॅचला यायची. पस्तिशीची, मूळ हिंगोलीकडची, लग्न होऊन भांडुपला आली ती टेंभीपाड्याच्या चढावरच्या खोलीत. नवरा मिलिंद एका सरकारी कचेरीत कारकून होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी हिला अनुकंपेवर घेतलं. अट एकच, ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची. नाही झाली तर नोकरी जाते. घरात म्हातारी सासू आणि आठवीतली मुलगी, मिळवती ही एकटी. एकदा नापास होऊन ती माझ्याकडे आली होती आणि मुदतीत आता एकच खेप उरली होती. कचेरीत साहेबांना विनवून दुपारी दीड तासाची सवलत मिळवली होती, तेवढ्यात धावत यायची आणि धावत जायची.

पहिल्या दिवशी घड्याळ न लावता मी तिला उतारा दिला. हात बघितले आणि मला माझे वडील आठवले. बोटं उंच उडत नव्हती, आपटत नव्हती. जायची आणि घरी यायची. चुका जवळजवळ नाहीत. मनात म्हटलं, ही नापास झाली तरी कशी?

मग घड्याळ लावलं आणि दिसलं. थोडा वेळ ठीक चाललं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या आकड्यांवर गेली, तिथंच राहिली आणि हात थांबले. लोक अडखळतात, घाबरतात, घाम पुसतात, रडतात. ते सगळं मी पाहिलंय. हिचं तसं काहीच नाही. हात नुसते थांबले. चेहरा शांत. आकडे उतरत होते आणि ती देवळात बसल्यासारखी बसून होती. शून्य आलं तेव्हा तिनं मोठा श्वास सोडला आणि पुटपुटली, “झालं.”

“गो, निजलंस की काय?” चिडले की माझं मालवण बाहेर येतं. “अर्धा उतारा राहिलाय! काय झालं तुला?”

“मला नाही माहीत बाई. कळतच नाही. आकडे दिसले की हात माझं ऐकत नाहीत.”

मी सगळे उपाय केले. आकडे बारीक केले, तर ती डोळे बारीक करून बघायची. पडद्याच्या कोपऱ्यावर कागद चिकटवला, तर उतारा बिनचूक पुरा व्हायचा, पण परीक्षेला कागद कोण लावू देणार? सबनीसकाकांचं सुलटं घड्याळ देऊन पाहिलं आणि चकित झाले. चढत्या आकड्यांसमोर तिचे हात छान चालत होते. उतरते आकडे आले की थांबत होते. रंग बदला, जागा बदला, काही करा. मी रागवले, मग चुचकारलं, मग देवाला हात जोडले. परीक्षा जवळ येत होती. ती रोज वेळेवर येत होती आणि रोज थांबत होती, आणि तिची मुलगी कुठल्या शाळेत जाते, हुशार आहे का, हे विचारायचं मी बंद केलं, कारण उत्तर ऐकवलं नसतं.

एका दुपारी बॅचला बाकी कुणी आलं नव्हतं. गिरणी बंद, पीठ उतरत होतं, खाली बाजरी दळली होती. मी तिच्या मागं न उभी राहता बाजूला खुर्ची घेऊन बसले. कधी नव्हे ते मी पडद्याकडे न बघता तिच्या हातांकडे बघत होते. आकडे उतरायला लागले. तिचा डावा हात कळफलकावरून सुटला, उजव्या मनगटाजवळ गेला आणि ते अलगद, पण घट्ट, धरून राहिला. आपला स्वतःचा हात असा कुणी धरत नाही.

मी हळूच विचारलं, “वनिता, कुणाचा हात धरलायस गं?”

तिनं खाली बघितलं. आपला हात बघून ती दचकली. पडद्यावर शून्य येऊन गेलं.

“ह्यांचा,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. मिलिंदच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी आठला पलंगावर झोपायचं, हातात दोन जाड सुया, त्यातून रक्त मशिनीत जाणार आणि साफ होऊन परत येणार. चार तास. मशिनीवर उरलेला वेळ दिसतो, आकडे उतरत जातात. त्या वेळात तो हात हलवायचा नाही. हलला, सुई सरकली तर मशीन ओरडतं, हात सुजतो, कधी रक्त जातं.

“त्यांना झोप लागायची ना बाई. झोपेत हात झटकायची सवय. म्हणून मी मनगट धरून बसायची. आकडे बघत. आकडे उतरतायत तोवर हात हलू द्यायचा नाही. तीन वर्षं तेच केलं. शून्य झालं की मशीन टिंटिं करायचं, ते डोळे उघडायचे आणि रोज तेच म्हणायचे. झालं? चल घरी.”

ती हसली. मग तिचं हसू गेलं.

“शेवटच्या दिवशी मधेच छातीत दुखायला लागलं. सिस्टरनी मशीन थांबवलं, त्यांना खाली आयसीयूत नेलं. मी वळून बघितलं तर मशिनीवर अजून वेळ बाकी होती. दीड तासाच्या वर. आकडे तिथंच थांबलेले. ते काही घरी आले नाहीत. ती बाकी वेळ तिथंच राहिली, बाई.”

माझ्या डोळ्यांसमोर ते थांबलेले आकडे उभे राहिले. माझ्या क्लासातलं घड्याळ रोज शून्याला पोचत होतं आणि ही त्याच्यासोबत रोज तिथवर जात होती, हात धरून. तिला आळशी समजून मी ओरडत होते. मला फार वाईट वाटलं. मी उठले आणि चहा करायला गेले, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

तिच्यासमोर चहा ठेवताना पिशवीतून मेथीची जुडी डोकावताना दिसली. येतायेता मंडईतून घेतलेली, रात्री घरी निवडायची म्हणून. आणि मला ते एकदम सुचलं. कसं सुचलं ते विचारू नका. दुपारची वेळ, अर्धं डोकं झोपेत असतं, अशा वेळी कधीकधी शहाणपण सुचतं.

मी पडद्यावर आकडे लावले, कळफलक बाजूला सरकवला, वर्तमानपत्र पसरलं आणि मेथीची जुडी सोडून तिच्यासमोर ठेवली. “टायपिंग राहू दे. ही निवड. आकडे बघत निवड.”

“क्लासात?”

“क्लास माझा आहे.”

आकडे उतरायला लागले. तिच्या हातात एक काडी होती, ती तशीच राहिली. पहिल्या वेळी दोन पानं खुडली गेली. मी पुन्हा घड्याळ लावलं. शून्य यायचं, काहीच व्हायचं नाही, मी पुन्हा लावायची. घाई नाही, उतारा नाही. मी पण समोर बसून निवडत होते, काहीबाही बोलत होते. हळूहळू तिची बोटं चालायला लागली. मेथीला डोळ्यांची गरज फार नसते, हातांना माहीत असतं कुठं खुडायचं. ती आकड्यांकडे बघत होती आणि हात चालत होते. त्या दिवशी टेंभीपाड्यावर निवडलेली मेथी गेली.

दुसऱ्या दिवशी मटार. मग गवार, मग एकदा मी घरून लसणीच्या गड्ड्या नेल्या. दुपारच्या बॅचमधल्या बाकीच्या बायकाही भाजी घेऊन यायला लागल्या. हिरव्या पडद्यांची रांग, प्रत्येकावर उतरते आकडे आणि समोर कळफलकाच्या जागी वर्तमानपत्रावर पालक. गिरणीवाले शिवराममामा एकदा कसल्याशा कामाला वर आले आणि दारातच उभे राहिले.

“बाई, टायपिंग बंद करून मंडई काढली की काय?”

“सरकारी अभ्यासक्रम बदललाय, मामा.”

“असं? मग दळणाचा पेपर कधी ठेवताय?”

वनिता खळखळून हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काही दिवसांनी मी भाजी एका बाजूला ठेवली आणि कळफलक पुढं ओढला. तिनं सुरुवात केली. आकडे उतरत होते, ती अधूनमधून बघत होती. एका जागी हात मंदावले, मला वाटलं आता थांबणार. थांबले नाहीत. चालत राहिले, थोडे जड, चढावर चालल्यासारखे. उतारा पुरा झाला नाही, पण शून्य आलं तेव्हा तिची आठही बोटं कळांवर होती. पडद्यावर आलं: वेळ संपली.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, एक मागू? ही ओळ बदलता येते?”

“येते की. काय लिहू?”

तिला सांगायची गरज पडली नाही. मी फाईल उघडली, ‘वेळ संपली’ पुसलं आणि लिहिलं: झालं. चल घरी.

“परीक्षेत असं येणार नाही हं,” मी म्हटलं.

“नसू दे. इथं असू दे.”

सगळ्या संगणकांवर एकच फाईल होती, त्यामुळे ती ओळ सगळीकडे आली. संध्याकाळच्या बॅचची पोरं गोंधळली. एकानं विचारलं, “बाई, हे काय, चल घरी? आम्हाला हाकलताय का?” मी म्हटलं, नियम आहे. नियम म्हटलं की आपल्याकडे कुणी पुढं विचारत नाही.

परीक्षेचं केंद्र मुलुंडला होतं. मी कुठल्याच विद्यार्थ्याबरोबर कधी गेले नव्हते, तिच्याबरोबर गेले. तिला आत सोडलं आणि बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसले. आत कळा वाजत होत्या, एकदम पुष्कळ, पत्र्यावर दाणे सांडावेत तशा. त्यातल्या तिच्या कुठल्या, हे मला ओळखता येईना आणि मी कान देऊन तेच ओळखायचा प्रयत्न करत होते. एखादी थांबली तर कळेल का? डोळे मिटले तर मला आकडे दिसायला लागले, पांढरे, हिरव्या पडद्यावर. कुणीतरी बाजूनं गेलं म्हणून डोळे उघडले तेव्हा माझं माझ्याकडे लक्ष गेलं. माझ्या डाव्या हातानं माझं उजवं मनगट घट्ट धरलं होतं.

ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

“काय गं?”

“पुरा झाला उतारा.”

“हात?”

“चालू होते.” मग म्हणाली, “शेवटी पडद्यावर ‘वेळ संपली’ आलं. मी मनात आपलीच ओळ वाचली.”

निकालाच्या दिवशी ती दुपारी आली ती धावत नाही, चालत. पास झाली होती. पेढे आणले नाहीत. मेथीची एक मोठी जुडी आणली, ताजी, मातीसकट, आणि माझ्या टेबलावर उतारे ठेवतात तिथं ठेवली. आम्ही दोघी रडलो आणि मग ती कचेरीत गेली, कारण आता ती पक्की कारकून होती आणि सवलत संपली होती. पुढं ती आली नाही. नियमाप्रमाणे मी आनंद मानला.

यंदा आमची इमारत पाडायला घेतली आहे. पुनर्विकास. आधी गिरणी गेली, मग खालची दुकानं. क्लासही मी बंद करायचं ठरवलं, नवी जागा शोधायचं वय राहिलं नाही. संगणक एका शाळेला द्यायचे होते, टेम्पो संध्याकाळी येणार होता. शेवटच्या दुपारी मी ते एकदा चालू केले, नुसते बघायला. हिरवे पडदे उजळले. सवयीनं मी सगळीकडे घड्याळ लावलं. कवडसा आला तो स्वच्छ होता. गिरणी नाही, त्यामुळे त्यात काहीच उतरत नव्हतं. किती वर्षांनी मी त्या खोलीची हवा कोरी पाहिली.

जिन्यावर पावलं वाजली. वनिता. केस थोडे पिकलेले, खांद्याला कचेरीची पर्स, हातात पिशवी. “शिवराममामा रस्त्यात भेटले,” ती म्हणाली. “अर्धा दिवस रजा टाकली.” एवढं बोलून ती आपल्या जुन्या जागेवर बसली, वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवीतून मेथी काढली. मी समोर बसले. मुलगी कॉलेजात आहे म्हणाली. सासूबाई गेल्या म्हणाली. मग आम्ही नुसत्या निवडत राहिलो. आकडे उतरत होते.

शून्य आलं. सगळ्या पडद्यांवर एकदम ती ओळ उमटली. झालं. चल घरी. किती बॅचेस मी ती रोज वाचली होती. पण ती दुसऱ्यांसाठी होती. मी लग्न केलं नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही, आणि त्या खोलीबाहेर घर म्हणावं असं मला काही आठवेना. मी मेथीची काडी हातात धरून बसून राहिले. खुडता येईना. हात माझं ऐकत नव्हते.

वनितानं बघितलं. तिनं आपल्या हातातली मेथी बाजूला ठेवली, पुढं वाकली आणि माझं मनगट धरलं. अलगद, पण घट्ट.

“झालं, बाई,” ती म्हणाली. “चला घरी. आमच्याकडे. भाजी टाकायचीय.”